अव्वाचं कागदावरचं वय

आमच्या कारखान्यात टॉवेल तयार होतात आणि मी त्यांच्यावरची लेबलं तपासते. बावीस वर्षं हेच काम करतेय. लेबलावर माप चुकलं किंवा धुण्याच्या सूचनेतलं एक अक्षर गळलं तर परदेशातून अख्खा लॉट परत येऊ शकतो, म्हणून माझी नजर सदा चुकांवर असते. संध्याकाळी निघताना ती नजर कारखान्यात ठेवून येता येत नाही. हॉटेलात गेले तर मी मेनूकार्डातल्या चुका सांगते, लग्नाला गेले तर पत्रिकेतल्या. हल्ली लोक मला पत्रिका देतच नाहीत, तोंडी आमंत्रण देतात.

अशा माझ्या स्वतःच्या घरात एक चूक मी लहान असल्यापासून सुखानं नांदत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. ती सापडली कंपनीच्या आरोग्य विम्यामुळे.

गेल्या वर्षी कारखान्याचे मालक बदलले. नव्यांचं मुख्य ऑफिस पुण्यात. त्यांनी आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. चहावाल्याचा चहा बंद करून चहाचं मशिन बसवलं, आणि सगळ्यांना ग्रुप आरोग्य विमा दिला. मशिनच्या चहावर आठ दिवस चर्चा चालली. विम्याच्या नोटिशीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मी बघितलं, कारण तिच्यात स्पेलिंगच्या सात चुका होत्या.

चुका मोजता मोजता मी मजकूरही वाचला. कर्मचाऱ्याला पती किंवा पत्नी, दोन मुलं आणि आईवडील यांची नावं घालता येतील. आधीपासून असलेले आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातील. नावं पंधरा दिवसांत पोर्टलवर भरायची, नंतर वर्षभर दार बंद. मी नोटीसबोर्डापुढं तशीच उभी राहिले. आधीपासून असलेला आजार आमच्या घरात होता. अव्वाचे गुडघे.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी बोलणारं, म्हणून आमच्याकडे आई नाही, अव्वा; आणि वडील ते अप्पा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचे फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं की दोन्ही झिजलेत आणि उजवा तर बदलायलाच हवा. खर्चाचा अंदाज ऐकून अप्पा म्हणाले, "बघू की." आमच्या घरात 'बघू की' म्हटलं की विषय संपतो. माझ्या कॉलेजच्या सहलीपासून फ्रीजपर्यंत अनेक विषय असे संपलेले आहेत.

आमचं घर सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, पहिल्या मजल्यावर. सोळा पायऱ्या. अव्वा त्या बसून उतरायची, एकेक करून, आणि वाटेत खालच्या बिऱ्हाडातलं कुणी भेटलं तर जिना पुसतेय असं दाखवायची. त्यासाठी तिच्या हातात कायम एक फडकं असे. आमच्या जिन्यासारखा स्वच्छ जिना त्या गल्लीत दुसरा नव्हता आणि शेजारच्या बायका आपल्या सुनांना अव्वाचं उदाहरण देत. मला ते फडकं बघवत नसे. मी ते दोनदा लपवूनही ठेवलं, तर तिनं माझी जुनी ओढणी फाडून दुसरं केलं.

तेव्हा नोटीस वाचली त्या दिवशी मी घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता सांगितलं, "अव्वा, तुझा गुडघा कंपनी बदलून देणार."

"टॉवेलची कंपनी?" अव्वानं विचारलं.

अप्पांचा विम्यावर विश्वास नव्हता. विमा काढणं म्हणजे आजाराला आपणहून घरचा पत्ता कळवणं, असं त्यांचं मत होतं. पण अव्वानं आत जाऊन ट्रंकेतनं दोघांची आधारकार्डं काढून आणली आणि माझ्या हातात दिली. अप्पांनी मग पेपरमध्ये तोंड घातलं.

पोर्टल भरायला बसले. पहिला रकाना नवऱ्याचा, शेजारी लाल फुली. लग्न मी केलेलं नाही. का, ते सांगत बसत नाही. बघायला येणाऱ्यांच्या माहितीपत्रकातही मला चुका सापडत, एवढं पुरे. तो रकाना रिकामा ठेवून पुढं जायला तीन वेळा "नक्की?" विचारलं गेलं, जे माझ्या आत्यांपेक्षा कमीच होतं. अप्पांचं नाव भरलं, हिरवी खूण आली. अव्वाचं भरलं आणि पडदा लाल झाला. खाली मजकूर: कर्मचारी आणि आई यांच्या वयात किमान अठरा वर्षांचं अंतर असणे आवश्यक.

मला वाटलं, मशिनची चूक. पुन्हा भरलं, पुन्हा लाल. मग आधारकार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि लेबल तपासते तशी तपासली. अव्वा साठ. मी सेहेचाळीस. म्हणजे चौदाव्या वर्षी तिला मी झाले. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेली, म्हणजे कागदाप्रमाणे आमच्या अप्पांनी, जे गावोगावच्या सभांत बालविवाहाविरुद्ध भाषणं करत, बारा वर्षांच्या मुलीशी लग्न लावलं होतं. ही कार्डं मी शंभर वेळा हाताळली असतील. दुसऱ्यांच्या मेनूकार्डांत डोकं घालणाऱ्या मला घरचं कार्ड कधी वाचावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून एचआरच्या बाईंचा फोन आला. आवाजावरून पंचविशीतल्या असाव्यात, आणि गोड बोलायचं शिक्षण घेतलेल्या.

"मॅडम, तुमच्या सोलापूर युनिटमध्ये नेमकं काय चाललंय? निम्म्याहून जास्त एम्प्लॉयींच्या पेरेंट्सची बर्थडेट एक जून आहे. सिस्टिमला वाटतंय फ्रॉड आहे."

मी त्यांना एक जून समजावून सांगितला. आमच्याकडे तेव्हा मुलं घरी जन्मत आणि तारीख कुणी लिहून ठेवत नसे. जूनमध्ये शाळा उघडली की मास्तर घरोघर फिरून पोरं गोळा करत. पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवायचा. हात कानाला पोचला की सहा वर्षं पूर्ण. मग मास्तर त्यातनं सहा वजा करून साल लिहीत आणि पुढं एक जून टाकत, म्हणजे शाळेत बसायला वय बरोबर भरतं. एकेका वर्गातली चाळीस-चाळीस पोरं अशी एकाच दिवशी जन्मलेली असत.

मग त्यांनी विचारलं, "आणि सगळेच टीचर असं करायचे?"

"त्यातले एक माझे वडीलच."

अप्पा प्राथमिक शिक्षक होते. मंद्रूपच्या पुढच्या गावांत त्यांची सगळी नोकरी गेली आणि त्या भागातली दोन पिढ्यांची माणसं त्यांच्या बोरूनं एक जूनला जन्मली. बाजारात भेटणारे टक्कल पडलेले गृहस्थ अजून वाकून नमस्कार करतात आणि अप्पा त्यांना "तुझा हात कानाला लागत नव्हता, मी घेतलं," असं चारचौघांत सांगतात. त्यांची स्वतःची तारीखही एक जून, त्यांच्या मास्तरांनी दिलेली. अव्वाची एक जून. माझीही एक जून. वाढदिवस साजरा करायची पद्धत नव्हती ते बरं, नाहीतर कोण कोणाला शुभेच्छा देणार, हाच प्रश्न पडला असता.

एचआरच्या बाई मदत करायला तयार होत्या. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव होतं, तो एक पुरावा. त्याशिवाय ज्यांनी अव्वाची चुकीची तारीख पहिल्यांदा लिहिली, त्यांनी खरी तारीख सांगणारं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून द्यायचं, अव्वाच्या सहीसकट. तेवढ्यावर विमा कंपनी अपवाद करेल. "फक्त एक आहे मॅडम," त्या म्हणाल्या, "खरं वय पंचाहत्तरच्या वर नको. वर गेलं की सिस्टिम आपोआप रिजेक्ट करते. मग आमच्या हातात काही नाही."

म्हणजे अव्वा कमी वयाची असून चालत नव्हती आणि फार वयाची असूनही. मधल्या एवढ्याशा जागेत तिचा गुडघा अडकला होता.

"अव्वा, तुझं खरं वय किती?" मी विचारलं. ती ओट्याशी स्टुलावर बसून भाकरी थापत होती.

"मला काय ठाऊक? शाळंत कुटं गेलीया मी. अप्पांना विचार की," ती म्हणाली, आणि भाकरी जरा जास्तच जोरात तव्यावर टाकली.

अप्पांना विचारलं. अव्वाची तारीख कुणी लिहिली याचा शोध लागायला वेळ लागला नाही. गावात मतदार यादीचं काम मास्तरांकडेच असतं. लग्नानंतर दहाएक वर्षांनी पहिल्यांदा घरोघर यादी करताना अप्पांनी स्वतःच्या घरासमोर बसून स्वतःच्या बायकोचं वय स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पुढं तेच नव्या रेशनकार्डावर गेलं, तिथनं मतदान कार्डावर, तिथनं आधारवर.

"मग लिहून द्या की चुकलं म्हणून," मी म्हटलं.

"माझ्या हातनं चुकत न्हाय," अप्पा म्हणाले.

"मग तुम्ही बारा वर्षांच्या मुलीशी लग्न केलंत?"

यावर त्यांनी पेपर उलटा-सुलटा केला. मग म्हणाले, "तुझंच वय जास्त लागलंय. ते कमी करून घे. अंतर आपसूक वाढंल."

हे म्हणायला धाडस पाहिजे, कारण तेही त्यांनीच लावलेलं. अव्वा आणि आजी दिवसभर शेतात असायच्या, घरात माझ्याजवळ थांबायला कुणी नव्हतं म्हणून त्यांनी मला साडेचार वर्षांची असताना पहिलीत बसवलं. माझा हात कानाला पोचत नव्हता. गावातल्या चार माणसांसमोर परीक्षा झाली तेव्हा अप्पांनी एका हातानं माझा हात दाबून खाली आणला आणि दुसऱ्या हातानं कान वर ओढला. दोघांची मध्ये कुठंतरी भेट झाली. त्या भेटीमुळे मी दीड वर्ष आधी निवृत्त होणार आहे. दहावीच्या सर्टिफिकेटापासून सगळीकडे तीच तारीख पसरलेली, ती आता बदलणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

दिवस जात होते. सातवा, आठवा, नववा. मी रोज संध्याकाळी विषय काढायची आणि अप्पा रोज नवीन कारण शोधून ठेवायचे. मास्तरानं लिहिलेलं मास्तरच खोटं म्हणाला तर उद्या निम्मा तालुका वय बदलून मागायला दारात उभा राहील. नोटरीचे शिक्के खोटे असतात. गुडघ्याला तेल चोळलं तर अजून दहा वर्षं जातील. अव्वा यातलं काही ऐकू येत नसल्यासारखी स्टुलावर बसलेली असे. तिनं बाजू घ्यावी असं मला फार वाटे आणि ती घेत नसे, याचाही मला राग येई.

अकराव्या दिवशी माझा तोल गेला. "अव्वाच्या पायापेक्षा तुम्हाला तुमचं अक्षर मोठं वाटतं," मी म्हणाले. खालच्या बिऱ्हाडातला टीव्ही बंद झाला, इतका माझा आवाज चढला होता. अप्पा उठून गॅलरीत गेले. बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही, पण आवाज कमी ठेवायला हवा होता.

तेराव्या दिवशी रविवार होता. सकाळी अप्पा दूध आणायला खाली गेले तेव्हा अव्वा नवव्या पायरीवर बसून फडकं फिरवत होती. तिच्याशेजारून वाट काढून ते गेले. दूध घेऊन, पेपर घेऊन, कट्ट्यावर तासभर राजकारण करून परत आले, तरी अव्वा नवव्याच पायरीवर. फडकं त्याच एका जागेवर फिरत होतं. तिला ना खाली जाता येत होतं ना वर येता येत होतं, आणि हाक मारायची तिला लाज वाटत होती.

मी दार उघडून बघितलं तर अप्पा तिच्याशेजारी पायरीवर बसलेले. दुधाची पिशवी मांडीवर.

"जिना लई घाण झालाय," अव्वा मला म्हणाली.

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला वर आणलं. सात पायऱ्यांना किती वेळ लागला ते सांगत नाही. ती तोंडातून आवाज काढत नव्हती, पण माझ्या दंडावर तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. अप्पांनी तिला खाटेवर बसवलं, फडकं तिच्या हातातनं काढून घेतलं, धुतलं आणि गॅलरीत वाळत घातलं. सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून तयार. "रजा काढ," म्हणाले. "रिक्षा बोलाव. कोर्टात जायचंय."

कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली नोटरी बसतात. आम्हाला मिळाले ते वकीलसाहेब पानाचा तोबरा भरलेले होते आणि त्यांचं काम सगळं त्यांचा टायपिस्ट करत होता. अव्वाला बाकावर बसवलं. टायपिस्टनं अप्पांचं नाव, वय, पत्ता असं खटाखट कॉम्प्युटरवर घातलं आणि मान वर न करता विचारलं, "पत्नीची खरी तारीख? एक जूनच ना? साल सांगा."

एक जून त्यानं आधीच टाइप केला होता.

"एक जून न्हाय," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं असावं.

"महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी," ते म्हणाले, आणि कुठल्याही कागदाकडे न बघता त्यांनी इंग्रजी महिना, तारीख आणि साल सांगितलं. पाढे म्हणावेत तसं, न अडखळता. साल ऐकल्याबरोबर मी मनातल्या मनात वजाबाकी केली. पंचाहत्तरच्या वर गेली तर सगळं संपलं होतं. घाबरून पहिल्यांदा उत्तर ब्याऐंशी आलं. पुन्हा केली. बहात्तर. मी बाकाच्या कडेला बसून घेतलं.

मग दुसरी वजाबाकी आपोआप झाली. अप्पा सत्तर.

टायपिस्टचीही झाली असावी, कारण त्याचे हात थांबले. "सर, असं धरलं तर मॅडम तुमच्यापेक्षा मोठ्या होतात."

"धरायचं काय त्यात? हायच ती मोठी," अप्पा म्हणाले. "टाइप करा."

वकीलसाहेबांनी पान थुंकून आमच्याकडे नीट बघितलं. मला मात्र अव्वाचा चेहरा दिसत होता. ती एवढी लाल झालेली मी कधी बघितली नव्हती.

"तुमाला ठाऊक हुतं?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवाळसणापास्नं."

मग हळूहळू बाहेर आलं ते असं. अव्वा लहान असताना तिची आई गेली. पाठच्या तीन भावांना वाढवण्यात तिची लग्नाची वेळ निघून गेली, आणि स्थळ आलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. मुलगा बावीसचा. माहेरच्यांनी तिला वीसची सांगितली आणि तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. दिवाळसणाला अप्पा सासुरवाडीला गेले. चार दिवस नुसतं बसून काय करायचं म्हणून वाचायला काही मिळतंय का ते बघत होते, तर सासऱ्यांच्या ट्रंकेत जुनी पंचांगं सापडली. समासात सासऱ्यांनी प्रत्येक मुलाचा जन्म कानडीत टिपून ठेवलेला. अप्पांना कानडी वाचता येत होतं. त्यांनी पंचांग परत ट्रंकेत ठेवलं आणि जेवायला जाऊन बसले.

"मग बोलला का न्हाईसा?" अव्वा म्हणाली. "अठ्ठेचाळीस वर्सं मी जीव मुठीत धरून हाय. कुनी वय इचारलं की मी उठून आत जायची. मला वाटायचं तुमाला कळलं तर तुमी मला माहेरी धाडशिला."

"आमची आई कशी हुती, तुला ठाऊक हाय की," अप्पा म्हणाले.

ते मलाही ठाऊक होतं. शेजारच्या घरातली सून नवऱ्यापेक्षा एका वर्षानं मोठी निघाली, तर माझ्या आजीनं तिला म्हातारी नवरी असं नाव ठेवलं होतं आणि त्या बाईला नातवंडं झाली तरी आजी तिला त्याच नावानं हाक मारायची. आजीला घरात ही गोष्ट कळली असती तर तिनं अव्वाचं काय केलं असतं, याचा विचार मला आजही नकोसा वाटतो. म्हणून मतदार यादी करायची वेळ आली तेव्हा अप्पांनी अव्वाचं वय दोन-चार वर्षांनी कमी केलं नाही. एकदम बारा वर्षांनी केलं. कुणाला शंकासुद्धा येऊ नये, असं.

"जास्त झालं जरा," अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. "तेवा हे पोर्टल न्हवतं."

मी अकराव्या दिवशी जे बोलले होते ते मला तिथं, त्या पत्र्याखाली, पुरतं आठवलं. मी त्यांना म्हणाले, "अप्पा, माझं चुकलं." ते म्हणाले, "व्हय," आणि सही करायला पुढं झाले. अव्वानं त्यांच्या सहीखाली सही केली. अप्पांनीच लग्नानंतर शिकवलेली, जरा तिरकी, पण मोठी.

परत येताना रिक्षातनं उतरायची वेळ झाली. अप्पा सवयीनं म्हणाले, "ऊठ, चल लवकर."

"मोठ्या मानसाशी असं बोलत्यात व्हय?" अव्वा म्हणाली. "हात द्या."

त्यांनी हात दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात अव्वाचा भाव वाढला तो वाढलाच. भाजी कुठली, टीव्हीवर काय, पंखा किती, सगळ्याचा निकाल वयावर लागतो.

पंधराव्या दिवशी दुपारी पोर्टलवर हिरवी खूण आली. एचआरच्या बाईंनी फोन करून अभिनंदन केलं आणि जरा संकोचून विचारलं, "मॅडम, तुमच्या युनिटमधल्या अजून पाच-सहा केसेस अडकल्यात. तुमचे फादर काही मदत करतील का? त्यातले बरेचसे त्यांचेच स्टुडंट आहेत, आणि पेरेंट्सची वयंही मतदार यादीत त्यांनीच लिहिलीत म्हणे." त्यांच्यासाठी मुदत वाढवून मिळाली होती. पुढच्या रविवारी आमच्या घरी रांग लागली. टक्कल पडलेले गृहस्थ आपापल्या म्हाताऱ्या आईबापांना घेऊन आले आणि अप्पा खुर्चीत बसून प्रत्येकाला विचारू लागले, "आता खरं सांग. कुठला सण होता? पाऊस होता का? म्हैस व्यायली होती का त्या साली?" निम्म्या तालुक्याला जन्म देऊन झाल्यावर आता ते तो दुरुस्त करायला बसले होते. जिना त्या दिवशी खरोखरच घाण झाला.

दीड महिन्यानं अव्वाला गुडघ्यासाठी दवाखान्यात दाखल केलं. विम्याच्या कार्डावर वय अजून साठच होतं, कारण आधार बदलायला वेळ लागणार होता आणि विमा कंपनीला तेवढं चालणार होतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भूल देणारे डॉक्टर वॉर्डात आले. आसपासच्या खाटांवर तीन पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, जेवणाचे डबे उघडून बसलेले. डॉक्टरांनी फाइल बघितली आणि म्हणाले, "साठ वय. छान, काही अडचण नाही."

अप्पा खुर्चीतनं उठले. टोपी सरळ केली.

"डॉक्टर, हे कागदावरचं आहे. भूल खऱ्या वयावर द्या. बहात्तर."

डॉक्टरांनी अव्वाकडे बघितलं, मग अप्पांकडे. "आजोबा, नक्की माहीत आहे? तुमचं स्वतःचं वय काय?"

"सत्तर," अप्पा म्हणाले, हजेरी घ्यायच्या आवाजात, की वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू जावं. "ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे."

डब्यांचे आवाज थांबले. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता आणि अप्पा मान ताठ ठेवून उभे होते. डॉक्टरांनी साठवर काट मारली आणि शेजारी बहात्तर लिहिलं.

"दोन वर्षं तीन म्हैने," खाटेवरून अव्वा म्हणाली.